हलका ठोकळा की जड ठोकळा? भारतीय भिंतीच्या वजनाचा इतिहास

घरावर एखादी खोली चढवायची ठरली की आज भारतातल्या बहुतेक शहरांत एक प्रश्न हमखास समोर येतो. विटा तर आता दुय्यम झाल्या. भिंत हलक्या ठोकळ्यांची बांधायची की जड ठोकळ्यांची? सहाशे मिलिमीटर लांब, दोनशे रुंद आणि दोनशे उंच असा पांढुरका एएसी ठोकळा साधारण पंधरा-सोळा किलोंचा भरतो. त्याच्याहून एक तृतीयांशाने लहान, म्हणजे चारशे मिलिमीटर लांबीचा भरीव सिमेंट ठोकळा पस्तीस किलोंचा असतो. चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंतीला पहिला प्रकार वापरला तर ठोकळ्यांचे वजन सुमारे दीड टन होते, दुसरा वापरला तर पाच टनांच्या पुढे जाते. अशा चार भिंती जुन्या घराच्या डोक्यावर ठेवायच्या असतील तर हा फरक चौदा-पंधरा टनांचा होतो, आणि तो शेवटी तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी घातलेल्या पायाला सोसावा लागतो.

दुकानदार हा प्रश्न भावाचा करतो, गवंडी सवयीचा करतो. खरे तर तो भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, आणि भारतापुरते बोलायचे तर त्याला मोठा इतिहासही आहे. त्या इतिहासात फाळणीचे निर्वासित आहेत, एका नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाचा भाचा आहे, किल्लारीची पहाट आहे आणि औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे डोंगर आहेत.

वर हलके आणि खाली जड, हे तत्त्व भारतीय कारागिरांना अनोळखी नव्हते. तेलंगणातील पालमपेट येथील रामप्पा मंदिराचे बांधकाम काकतीय राजवटीत, १२१३ मध्ये सुरू झाले. मंदिराचे खांब, तुळया आणि शिल्पे कठीण दगडाची आहेत. शिखर मात्र सच्छिद्र विटांचे आहे, आणि त्या विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने या मंदिराला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली तेव्हा या तरंगत्या विटांचा विशेष उल्लेख झाला. त्या विटांच्या चमत्काराच्या गोष्टी समाजमाध्यमांवर पुष्कळ फिरतात. चमत्काराची गरज नाही. विटेच्या पोटात जितकी हवा तितकी ती हलकी. आणि शिखराला वरून फारसा भार पेलायचा नसल्याने तिथे कमी ताकदीची वीट चालून जाते. कुठे किती ताकद पुरेशी आहे याचा हिशेब त्या स्थपतीने केला होता, हीच त्यातली खरी बुद्धिमत्ता.

काँक्रीटमध्ये हवा भरण्याची आधुनिक युक्ती मात्र थंडीच्या देशातून आली. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये इंधनाची टंचाई होती आणि घरे ऊबदार ठेवणे ही राष्ट्रीय चिंता बनली होती. लाकूड उष्णता रोखते, पण जळते आणि कुजते. दगड-वीट टिकते, पण उष्णता बाहेर जाऊ देते. या दोहोंचे गुण एकत्र आणणारा पदार्थ शोधताना योहान ॲक्सेल एरिक्सन या स्थापत्यविशारदाने चुना आणि भाजलेल्या खडकाची पूड यांच्या राबडीत ॲल्युमिनियमची बारीक भुकटी मिसळली. चुन्याच्या अल्कधर्मी द्रावणात ॲल्युमिनियम विरघळते आणि हायड्रोजन वायू सुटतो. त्याच्या असंख्य बुडबुड्यांनी राबडी ढोकळ्यासारखी फुगते. १९२४ मध्ये एरिक्सनला या पद्धतीचे पेटंट मिळाले. हायड्रोजन पुढे निघून जातो आणि त्याच्या जागी हवा येते.

पण नुसती फुगलेली राबडी वाळवली तर तिचा ठोकळा कमकुवत राहतो आणि वाळताना बराच आकसतो. खरी किमया पुढच्या टप्प्यात आहे. कापलेले ठोकळे ऑटोक्लेव्ह नावाच्या पोलादी दाबपात्रात ठेवून त्यांना सुमारे १८० ते १९० अंश सेल्सिअसच्या वाफेत, वातावरणाच्या दहा-बारा पट दाबाखाली, कित्येक तास शिजवतात. या स्थितीत चुना आणि सिलिका यांच्यापासून टोबरमोराइट या खनिजाचे बारीक स्फटिक तयार होतात. साध्या सिमेंटमध्ये तयार होणारा कॅल्शियम-सिलिकेटचा गोळा विस्कळीत असतो, पाणी आत-बाहेर होताना तो फुगतो आणि आकसतो. टोबरमोराइटची रचना त्या मानाने नीटस आणि स्थिर असते. म्हणून ठोकळ्याच्या नावात ‘ऑटोक्लेव्ह्ड’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. ‘हलका’ हा त्याच्या मागून येतो. बाजारात दोन पांढुरके ठोकळे शेजारी ठेवले आणि त्यांतला एक वाफेत शिजवलेला, दुसरा नुसता फेस मिसळून वाळवलेला असेल, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. तो फरक भिंतीला वर्षभराने कळतो.

स्वीडनमध्ये या पदार्थाचे दोन घराणे झाले. इक्सहुल्ट येथील कारखान्यातून १९२९ पासून निघालेला माल पुढे ‘यटाँग’ म्हणून जगभर गेला. १९३४ च्या सुमारास वाळू आणि सिमेंटवर आधारलेला ‘सिपोरेक्स’ आला. त्याच्यात पोलादी सळ्या घालून छताच्या फळ्याही बनवता येत. यटाँगच्या जुन्या ठोकळ्यांची एक उपकथा सांगण्याजोगी आहे. चुनखडी भाजायला तिथे तेलकट शेल खडक इंधन म्हणून वापरत आणि उरलेली राख ठोकळ्यांत घालत. त्या शेलमध्ये युरेनियम, आणि म्हणून रेडियमही होते. हजारो घरांच्या निळसर भिंतींतून रेडॉन वायू झिरपत राहिला, आणि १९७५ मध्ये त्या निळ्या काँक्रीटचे उत्पादन थांबले. टाकाऊ राख वापरणे ही उत्तम गोष्ट, पण राखेत काय आहे हे आधी पाहावे लागते, हा धडा स्वीडनने जरा उशिरा घेतला.

भारतात हलक्या काँक्रीटने प्रवेश केला तो १९४८ मध्ये दिल्लीत, आणि तो प्रवेश अपयशाचा होता.

फाळणीनंतर एकट्या दिल्लीत सुमारे पाच लाख निर्वासित येऊन पोहोचले. किल्ल्यांत, थडग्यांच्या आवारांत आणि तंबूंत माणसे राहत होती. विटा भाजायला कोळसा हवा, तो वाहायला आगगाडीचे डबे हवेत, रचायला गवंडी हवेत. आणि या सगळ्याचीच टंचाई. त्या वेळी गृहनिर्माण हा विषय राजकुमारी अमृत कौर यांच्या आरोग्य मंत्रालयाकडे होता आणि केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक होते ऑटो कोनिग्सबर्गर.

या माणसाची ओळख विज्ञानाच्या वाचकांना वेगळ्या वाटेने पटावी. जन्म १९०८, बर्लिन. ज्यू वंशाचे असल्यामुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. काही वर्षे इजिप्तमध्ये काढून १९३९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे वास्तुविशारद म्हणून बेंगळुरूला आले. पुंजयांत्रिकीच्या शिल्पकारांपैकी एक असलेले माक्स बॉर्न हे त्यांचे सख्खे मामा. बॉर्न स्वतः १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन गेले होते. त्याच संस्थेच्या आवारातील काही इमारती पुढे भाच्याने उभारल्या. जमशेदपूरचा विकास आराखडा आणि भुवनेश्वरची मूळ नगररचना हीही त्यांचीच कामे.

कोनिग्सबर्गर यांचा तर्क सरळ होता. घरे गवंड्यांनी एकेक करून बांधण्याऐवजी कारखान्यात बनवावीत. भिंतींच्या मोठमोठ्या फळ्या सच्छिद्र काँक्रीटच्या असाव्यात, म्हणजे त्या हलक्या होतील, वाहतूक सोपी होईल आणि उत्तरेच्या उन्हाळ्यात घर थंडही राहील. एका ब्रिटिश कंपनीच्या तंत्रज्ञानावर दिल्लीच्या जंगपुरा भागात सरकारी गृहनिर्माण कारखाना उभा राहिला. पण फळ्यांना तडे जाऊ लागले. प्रकरण संसदेत गेले, वृत्तपत्रांत गाजले, आणि नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्यावहिल्या सार्वजनिक उद्योगांपैकी एक चेष्टेचा विषय झाला. १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेले.

आज मागे वळून पाहताना या अपयशाला केवळ सरकारी अनास्थेचे उदाहरण मानणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. सच्छिद्र काँक्रीटची मोठी, पातळ फळी ही या पदार्थाकडून करावयाची सर्वांत अवघड मागणी होय. दाब सोसण्याची त्याची ताकद बेताची असली तरी पुरेशी असते. ताण सोसण्याची ताकद मात्र त्याच्याही कित्येक पटींनी कमी. फळी साच्यातून उचलताना, मालमोटारीत आडवी ठेवताना, रस्त्याच्या खड्ड्यांतून जाताना ती वाकते आणि तिची एक बाजू ताणली जाते. शिवाय आकसणे आहेच. भारतीय मानकानुसार उत्तम प्रतीच्या ऑटोक्लेव्ह्ड ठोकळ्याचे वाळतानाचे आकुंचन ०.०५ टक्क्यांच्या आत हवे. चार मीटरच्या फळीला ते दोन मिलिमीटर होते. न शिजवलेल्या फेस-काँक्रीटचे आकुंचन ०.३ टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. त्याच फळीला बारा मिलिमीटर. लहान ठोकळ्यांच्या भिंतीत हे आकुंचन शेकडो सांध्यांत वाटले जाते, सलग फळीत ते एका तड्यात बाहेर पडते. थंड, दमट हवेसाठी घडवलेला पदार्थ पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या वाऱ्यात आणून ठेवला की हा हिशेब आणखी कडक होतो. ठोकळा हा आकार म्हणजे केवळ परंपरेचा हट्ट नव्हे.

कारखाना मात्र मेला नाही. १९५३ मध्ये तो ‘हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी’ ही कंपनी झाला, १९५५ मध्ये पूर्णपणे सरकारच्या मालकीचा झाला, आणि त्याने उलटी दिशा धरली. पूर्वताणित, घट्ट काँक्रीटचे विजेचे खांब, छताचे भाग, रेल्वेचे स्लीपर असा माल तिथून निघू लागला. १९७८ मध्ये त्याचे नाव ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ झाले. हलक्याने सुरुवात केलेल्या कारखान्याला जडाने जगवले असे म्हणायला हरकत नाही.

आणि कोनिग्सबर्गर? लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये १९५४ साली उष्ण कटिबंधातील वास्तुकलेचा जो विभाग सुरू झाला तो पुढे त्यांच्या नावाने ओळखला गेला. १९७० च्या दशकात सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिलेले उष्ण कटिबंधातील घरबांधणीचे पाठ्यपुस्तक भारतातील वास्तुकला महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. भिंतीतून उष्णता किती तासांनी आत पोहोचते, याचे गणित अनेक भारतीय विद्यार्थी त्या पुस्तकातून शिकले.

ते गणित इथे थोडक्यात करून पाहण्यासारखे आहे, कारण हलक्या-जडाच्या वादात सर्वांत जास्त गोंधळ उष्णतेबाबत होतो.

जड काँक्रीटची उष्णतावाहकता दर मीटर, दर केल्व्हिनला सुमारे दीड वॉट धरू. मानकातील ५५१ ते ६५० किलो प्रतिघनमीटर घनतेच्या एएसी ठोकळ्याची ०.२४ वॉट आहे. म्हणजे सारख्या जाडीची हलकी भिंत उष्णतेला सहापट अडथळा करते. इथवर जाहिरातही सांगते. पण उन्हाळ्यातले तापमान स्थिर नसते. ते चोवीस तासांच्या लाटेप्रमाणे वर-खाली होते. अशी लाट भिंतीत किती वेगाने शिरते हे वाहकतेवर एकट्यावर अवलंबून नसते. वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराने भागून जी राशी मिळते, त्या उष्णता-विसरणशीलतेवर ते ठरते. इथे एक विरोधाभास दिसतो. वस्तुमान कमी म्हणून हलकी भिंत लवकर तापेल असे वाटते, पण तिची वाहकता घनतेपेक्षाही जास्त प्रमाणात घटलेली असते. ढोबळ गणित केले तर वीस सेंटिमीटर जाडीच्या जड काँक्रीटमधून उष्णतेची लाट पलीकडे पोहोचायला पाच-सव्वापाच तास लागतात आणि तिची उंची मूळच्या एक चतुर्थांश उरते. तितक्याच जाडीच्या एएसीमधून सात-सव्वासात तास लागतात आणि उंची साधारण एक सप्तमांश उरते. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चार वाजता पडलेले ऊन जड भिंतीतून रात्री नऊच्या सुमारास, नेमके अंथरुणावर पाठ टेकायच्या वेळी, खोलीत उतरते. नागपूर-रायपूरच्या माणसाला हे गणिताशिवायही ठाऊक असते.

मग जड भिंतीच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि ते आतल्या बाजूने आहे. खोलीत जी उष्णता निर्माण होते, म्हणजे माणसांची, चुलीची, खिडकीतून आलेल्या उन्हाची, ती शोषून घेण्याची भिंतीच्या पृष्ठभागाची क्षमता वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा या तिन्हींच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. ही क्षमता जड काँक्रीटची एएसीच्या साडेचारपट आहे. जुन्या वाड्यात शिरताच दुपारी जो गारवा जाणवतो तो या क्षमतेचा. रात्री खिडक्या उघडून भिंती निववायच्या आणि दिवसा दारे-खिडक्या बंद करून तो गारवा खर्च करायचा, अशी ती पद्धत होती. त्यासाठी रात्र थंड असावी लागते. राजस्थानात किंवा दख्खनच्या पठारावर ती असते, मुंबईत किंवा चेन्नईत मे महिन्यात ती नसते. शहराच्या गर्दीत डास, धूळ आणि चोरांच्या भीतीने खिडक्याच उघडत नसतील तर जड भिंतीचा हा गुण वायाच जातो. वातानुकूलन यंत्र रोज चार-सहा तास चालणार असेल तर हलकी भिंत निःसंशय बरी, कारण यंत्राला आधी दहा-पंधरा टन काँक्रीट निववत बसावे लागत नाही. २०१८ मध्ये आलेल्या ‘इको निवास संहिता’ या केंद्रीय नियमावलीने निवासी इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा सुचवली, तीही या हिशेबाने.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांचे लोक विसरतात. एकमजली घरात सर्वांत जास्त ऊन छतावर पडते. छत उघड्या स्लॅबचे ठेवून भिंतींच्या ठोकळ्यांवर वाद घालणे म्हणजे दार सताड उघडे टाकून खिडकीला कडी घालण्यासारखे आहे.

हलका ठोकळा भारतात यशस्वीपणे स्थिरावला तो पुण्यात. साताऱ्याकडून आलेले बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्के यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्वीडिश सहकार्याने सिपोरेक्सचे उत्पादन सुरू केले, आणि पुणे-मुंबई पट्ट्यात ‘सिपोरेक्स’ हे व्यापारी नाव सामान्यनामच होऊन बसले. आजही कोणत्याही कंपनीचा एएसी ठोकळा गवंडी त्याच नावाने मागतो. शिर्के यांच्या पूर्वघटित पद्धतीत खांब आणि तुळया जड, घट्ट काँक्रीटच्या, आणि छताच्या फळ्या व भिंती सिपोरेक्सच्या होत्या. दिल्लीत जो पेच सुटला नाही त्याचे हे उत्तर होते. भार जडाने पेलावा, जागा हलक्याने भरावी. रामप्पाच्या स्थपतीला ही विभागणी परकी वाटली नसती.

याच काळात मानके आली. आयएस २१८५ या मानकाचा पहिला भाग जड ठोकळ्यांचा, दुसरा हलक्या खडीच्या ठोकळ्यांचा, आणि १९८४ चा तिसरा भाग ऑटोक्लेव्ह्ड सच्छिद्र ठोकळ्यांचा. न शिजवलेल्या फेस-काँक्रीटचा चौथा भाग २००८ मध्ये आला. ही कोष्टके शेजारी ठेवली की एक अनपेक्षित गोष्ट दिसते. भरीव जड ठोकळ्याची घनता किमान १८०० किलो आणि दाबताकद दर चौरस मिलिमीटरला ४ ते ५ न्यूटन अपेक्षित आहे. ५५१ ते ६५० किलो घनतेच्या पहिल्या प्रतीच्या एएसीकडूनही ४ न्यूटनचीच अपेक्षा आहे. तिप्पट वजन म्हणजे तिप्पट ताकद, असा जो सर्वसाधारण समज आहे त्याला मानकाचा आधार नाही. चांगल्या कारखान्यातला जड ठोकळा याहून बराच बळकट असतो हे खरे. पण रस्त्याकडेच्या अंगणात हाताने ठोकून, दोन दिवस पाणी मारून विकलेला ठोकळा जड असूनही कच्चा असू शकतो.

वजनाचा खरा अर्थ मात्र मानकांनी नव्हे, भूकंपांनी शिकवला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जगातल्या भूकंपांच्या यादीत ही तीव्रता मध्यम गणली जाते. तरीही आठ ते दहा हजार माणसे गेली. कारण घरांत होते. दोन फुटांहून जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवद. लाकडी फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि दर पावसाळ्यापूर्वी त्यात नव्या मातीची भर. हा थर अर्धा मीटर धरला तर बारा चौरस मीटरच्या खोलीवर दहा टनांच्या आसपास माती होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते माळवद घर थंड ठेवत असे. पिढ्यांच्या अनुभवातून आलेले ते शहाणपण होते. पण भूकंपात इमारतीवर येणारे आडवे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. न्यूटनचा दुसरा नियम इतक्या क्रूरपणे क्वचितच सिद्ध झाला असेल. ज्या वस्तुमानाने उष्णता अडवली त्यानेच भिंती बाहेर ढकलल्या आणि झोपलेल्या माणसांवर छत आणले.

२६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाने दुसरी बाजू दाखवली. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारतींच्या तळमजल्यावर वाहनतळासाठी भिंतीच नव्हत्या, आणि वरच्या मजल्यांवर जड, ताठर विटांच्या भिंती होत्या. वरचे वजन एका ठोकळ्यासारखे हलले आणि खालचे खांब मोडले. अशा सांगाड्यात वरच्या भिंती हलक्या असत्या तर बल कमी आले असते हे निश्चित. मात्र खालचा मोकळा मजला हा दोष तरीही तसाच राहिला असता. हलका ठोकळा म्हणजे भूकंपाचा विमा नव्हे. आणि भिंतीला बांधून न घेतलेला ठोकळा, मग तो हलका असो वा जड, आडव्या धक्क्यात बाहेर पडतोच.

यानंतर हलक्या ठोकळ्याला ज्या गोष्टीने देशभर नेले ती ना उष्णता होती ना भूकंप. ती होती राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के. वीज केंद्रांभोवती राखेची तळी साचत गेली. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे नियम अधिक कडक होत गेले. एएसी ठोकळ्याला सिलिका हवी असते आणि उडणारी राख म्हणजे आयती दळलेली सिलिका. भारतातील एएसी कारखान्यांच्या मिश्रणात साठ-सत्तर टक्के राख असणे ही आता सामान्य गोष्ट आहे. इतिहासाचा हा फेरा गमतीचा आहे. एरिक्सनच्या देशात पहिले ठोकळेही राखेचेच होते, आणि घोटाळाही राखेनेच केला होता. म्हणूनच राखेतील नैसर्गिक किरणोत्साराची मोजणी हा कारखान्याच्या नेहमीच्या गुणवत्ता तपासणीचा भाग असणे योग्य होय.

२०२३ च्या ऑगस्टअखेरीस इंग्लंडमध्ये शंभरहून अधिक शाळांच्या इमारती किंवा त्यांचे काही भाग अचानक बंद करावे लागले, तेव्हा भारतातही ‘हे काँक्रीट धोकादायक आहे’ अशा बातम्या फिरल्या. तिथला धोका छताच्या सळईयुक्त फळ्यांचा होता. १९५० च्या दशकापासून बसवलेल्या या फळ्या वाकण्याचा ताण सोसत होत्या. छत गळले की सच्छिद्र काँक्रीटमधून पाणी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते आणि फळी फारशी पूर्वसूचना न देता पडते. भिंतीतला ठोकळा केवळ दाब सोसतो, त्यात सळई नसते. दोहोंना एकाच न्यायाने तोलणे चूक आहे. पण त्यातून पाण्याविषयी जे शिकायचे ते ठोकळ्यालाही लागू आहे. एएसी पाणी शोषतो आणि ओला झाल्यावर त्याची उष्णतारोधकता बरीच घटते. कोकणासारख्या पावसात बाहेरचा गिलावा आणि छज्जे नीट नसतील तर कोष्टकातला ०.२४ हा आकडा कागदावरच राहतो.

तर मग वाढीव खोलीसाठी काय निवडावे? जुन्या घरावर मजला चढत असेल, घर आरसीसी सांगाड्याचे असेल आणि पाया कोणत्या हिशेबाने घातला होता हे कोणाला ठाऊक नसेल, तर हलक्या ठोकळ्याला पर्याय नाही. आणि तरीही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खांब व पाया तपासून घेणे सुटत नाही. जमिनीलगत नवी खोली जोडायची असेल, भिंतींवरच स्लॅब टेकणार असेल, तर जोत्यापर्यंत आणि ओल येणाऱ्या थरांत घट्ट काँक्रीटचाच ठोकळा हवा. शेजाऱ्याशी सामायिक भिंत असेल तर आवाजाचाही विचार करावा लागतो. भिंतीचे वस्तुमान दुप्पट झाले की पलीकडे जाणारा आवाज पाच-सहा डेसिबलने घटतो, आणि इथे जड ठोकळा सरळसरळ जिंकतो. भूकंपप्रवण पट्ट्यात कोणताही ठोकळा घेतला तरी खिडकीच्या तळाशी आणि माथ्यावर काँक्रीटचे पट्टे, आणि खांबाशी सळईची जोड, ही अट सारखीच राहते.

उरतो गवंडी. विटा हौदात भिजवून मगच रचायच्या, ही त्याच्या हाताची जुनी सवय आहे आणि विटांसाठी ती योग्यही आहे. एएसी ठोकळा मात्र भिजवून रचला की पोटात पाणी घेऊन भिंतीत बसतो आणि पुढे महिनोन्‌महिने वाळताना आकसतो. जंगपुऱ्याच्या फळ्यांना भोवलेली तडे जाण्याची खोड मग घराघरात उगवते. त्याला पृष्ठभागावर पाण्याचा हलका हात पुरतो, सांधा दोन-तीन मिलिमीटरचा आणि त्यासाठी बनवलेल्या चिकट मसाल्याचा लागतो, आणि जिथे ठोकळ्यांची भिंत काँक्रीटच्या खांबाला भेटते तिथे गिलाव्याखाली खुराड्याला लावतात तसली बारीक तारेची जाळी ठोकावी लागते. त्या रेषेवर दोन पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि प्रसरण पावतात. नव्या खोलीतला पहिला उभा तडा बहुधा त्याच रेषेवर, पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीस दिसतो.